‘भारी रे भावा’ म्हणून ट्रॅक सुधरत नाही : वाचकांचे प्रश्न

घरी बसून सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर, काहीतरी करत राहणाऱ्यांनी लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर एवढी पत्रं आली की संपादकांनी पानं वाढवून दिली. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, काही निवडलीत. ज्यांनी फाइली पाठवल्या त्यांचे ट्रॅक मी हेडफोनवर आणि मग स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर, असे दोन्हीकडे ऐकलेत.

आम्ही नाशिकचे सहा-सात जण आहोत, कोणी नोकरीवाले कोणी कॉलेजवाले, दर रविवारी एकमेकांना आपापले ट्रॅक पाठवतो. मी खूप खपून केलेला ट्रॅक पाठवला तरी उत्तर काय, तर ‘भारी रे भावा’, ‘आग लावलीस’, ‘एक नंबर’. दुसऱ्याचा अगदी कच्चा ट्रॅक आला तरी त्यालाही हेच. माझं नीट झालंय की नाही तेच कळत नाही. सोबत ट्रॅक पाठवलाय दादा, तुम्हीच खरं काय ते सांगा.

अरे, तुझे मित्र काही खोटारडे नाहीत. आपल्याला दाद द्यायची सवय आहे, मैफलीत गायक समेवर आला की आपोआप ‘वा’ निघतं, आणि ते छानच आहे, पण तिथे समोर तयार माल असतो. तू अर्धवट ट्रॅक पाठवून ‘कसा वाटला?’ विचारणार, समोरचा सिटीबसमध्ये दांडीला लटकून एका कानाने ऐकणार, मग तो ‘भारी’ नाही म्हणणार तर काय म्हणणार? प्रश्न बदलून बघ. ‘दुसऱ्या मिनिटानंतर कंटाळा येतो का, आला तर नेमका कुठे?’ किंवा ‘लीड (मुख्य चाल) नीट ऐकू येतोय का?’ असं एकच काहीतरी विचार, आणि उत्तर देताना ट्रॅकमधली वेळ लिहायची असं सगळ्यांनी ठरवून टाका. ज्याला वेळ लिहायची असते त्याला ऐकावंच लागतं, पळवाट नाही.

आता तुझा ट्रॅक. सुरुवातीचा आर्पेजिओ (कॉर्डचे सूर सुटे सुटे वाजतात तो) मला आवडला, किक, म्हणजे खालचा ड्रम, येईपर्यंत मान डोलत होती. १:१२ ला पॅड, म्हणजे मागचा पसरट लांब आवाज, आला आणि लीड गायब झाला. तू लीडचा आवाज वाढवूनही बघितला असशील, पण त्याने काम होणार नाही, कारण पॅड आणि लीड साधारण ५०० ते १५०० हर्ट्झच्या एकाच पट्ट्यात येऊन बसलेत, त्यात पॅडला डीट्यून केलेल्या, म्हणजे सुरात किंचित सरकवलेल्या, सॉ वेव्हचा ढीग आणि वर लांबलचक रिव्हर्ब (घुमारा), मग बिचारा लीड कुठून डोकं काढणार. पॅडचा कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून वरचे आवाज कापतो ती जागा, खाली आण, रिव्हर्बला लो कट लाव (त्यातले खालचे आवाज काप), आणि लीड वाजतो तेवढ्यापुरता पॅडचा एखादा सूर कमी करून बघ, चार सुरांची कॉर्ड तीन सुरांची केली म्हणून कोणी पोलिसात जात नाही. बहुतेकदा जे काम आपण ईक्यूवर (खालचे-वरचे आवाज कमी-जास्त करायची सोय) ढकलतो ते सूर कमी केले की आपोआप होतं, हे माझं मत आहे, मिक्सिंगवाले भांडतील.

३:०५ ला सगळं थांबतं आणि मग बेस एकटा परत येतो, ती जागा ट्रॅकमधली सगळ्यात चांगली जागा आहे, तिला हात लावू नकोस. हे मुद्दाम सांगतोय. काय बिघडलंय तेवढंच कळलं तर माणूस दुरुस्ती करता करता जे जमलेलं असतं तेही उपटून टाकतो.

मित्रांचं ऐकताना एक लक्षात ठेव, खटकण्याची जागा लोक बहुतेक बरोबर सांगतात पण औषध चुकीचं सांगतात. तिघं म्हणाले ‘किक वाढव’, तर तिथे काहीतरी गडबड नक्की आहे, पण बऱ्याचदा किक ठीकच असते आणि बेस तिच्यावर बसलेला असतो. तेव्हा काय ऐकू आलं ते मित्रांनी सांगायचं आणि उपाय तू शोधायचास. आणि जुनं-नवं अशी दोन व्हर्जन ऐकवणार असशील तर आधी दोन्हींची पातळी सारखी कर. कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, आवाज चढवला की तोच ट्रॅक भरदार वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय. म्हणजे नवं व्हर्जन नुसतं मोठ्याने वाजत असेल तरी सगळे त्यालाच मत देतील आणि तुला वाटेल सुधारणा झाली.

मी मूळची साताऱ्याची, सध्या बर्लिनला नोकरी करते. इथे हौशी सिंथवाल्यांची महिन्यातून एकदा बैठक असते, प्रत्येकाने थोडं वाजवायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. मी माझ्या छोट्या युरोरॅकवर (सुटे भाग वायरींनी जोडून वाजवायचा मॉड्युलर सिंथ) तानपुऱ्यासारखा ड्रोन लावून मारव्याचे सूर वाजवले. एक जण म्हणाली, चार मिनिटं काहीच घडलं नाही. दुसरा म्हणाला, ड्रोन फ्रीजच्या मोटरसारखा आहे. घरी येऊन रडले हो. नवरा म्हणतो, त्यांना आपलं संगीत कळत नाही, सोडून दे. खरंय का? रेकॉर्डिंग पाठवतेय.

नवरोबांचं मन चांगलं आहे, पण त्यांचं ऐकू नका. बर्लिनच्या लोकांना संथ आणि लांब संगीताचं वावडं असतं तर गोष्ट वेगळी, पण सत्तरच्या दशकात याच शहरातल्या टँजरिन ड्रीम या बँडने आणि क्लाउस शुल्झ या वादकाने एलपीची अख्खी बाजू व्यापतील एवढे लांब तुकडे केले, तेच सात-आठ सूर सीक्वेन्सरवर (भरलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र) गरागरा फिरताहेत आणि लोक डोळे मिटून ऐकताहेत. फक्त तिथे सूर तेच राहिले तरी फिल्टर कोणीतरी हाताने हळूहळू फिरवत असतो, आवाजाचा रंग सतत पालटत असतो. २०१६ पासून त्या गावात सुपरबूथ नावाची सिंथची जत्रा भरते, तुमच्या बैठकीतले निम्मे तरी तिथे पडीक असणार. तेव्हा कान तयार आहेत त्यांचे. बोलण्याची पद्धत कोरडी, ते सोडून द्या.

तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं. दोन ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारे भाग), किंचित डीट्यून, एक लो पास फिल्टर, आणि तो चार मिनिटं जिथल्या तिथे. तानपुऱ्यात असं कधीच होत नाही हो! मिरजेला सतारमेकर गल्लीत कोणी तानपुऱ्याची जवारी लावत असेल तर बघत उभं राहण्यासारखं असतं. घोडीचा वरचा भाग अगदी किंचित गोलाकार घासलेला असतो, त्यावर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, दोरा केसभर पुढे-मागे केला की आवाज एकदम उघडतो किंवा मिटतो. तार छेडली की ती घोडीला घासत घासत थरथरते आणि त्यातले वरचे स्वरांश (मूळ सुरात मिसळलेले बारीक सूर) आधी चमकतात मग एकेक करत खाली उतरतात. दर छेडीला हा सगळा प्रवास नव्याने होतो, आणि चार तारा एकामागोमाग छेडल्या की हे प्रवास एकमेकांत मिसळतात. म्हणून तानपुरा तासभर ऐकवतो.

मॉड्युलरवर हे करता येतं आणि तुमच्याकडे सामान आहे. सतत वाजणारा ड्रोन काढा, सीक्वेन्सरवर चार ठोके लावा, प्रत्येक ठोक्याला एक लांब डिके असलेला, म्हणजे हळूहळू ओसरणारा, एन्व्हलप सुरू होऊ दे, तो एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफला द्या आणि रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठवायची सोय) बऱ्यापैकी वर ठेवा, म्हणजे फिल्टर वरून खाली येताना एकेक स्वरांश उजळत जाईल. वेव्हफोल्डर (लाट दुमडून नवे स्वरांश काढणारा भाग) असेल तर तोही याच एन्व्हलपने हलवा. ठोके घड्याळासारखे नकोत, थोडे पुढे-मागे. जवारीची हुबेहूब नक्कल नाही होणार पण हलायला लागेल.

आणि एक गोष्ट जी तिथे कोणी सांगितली नसणार. मारव्यात पंचम वर्ज्य. मारवा गाताना तानपुऱ्याची पहिली तार निषादाला लावतात, काही जण धैवताला, आणि तुमच्या ड्रोनमध्ये पंचम खणखणीत वाजतोय. षड्ज टाळत टाळत जी संध्याकाळची हुरहुर उभी करायची ती या पंचमाने जागीच बसवून टाकलीय. मला वाटतं ‘काहीच घडलं नाही’ त्यामागे हेही असावं, त्यांना कारण सांगता आलं नाही इतकंच. पंचम काढून परत त्याच लोकांसमोर वाजवा. त्याच म्हणजे त्याच, नवे शोधू नका.

घरच्या स्पीकरवर बेस छातीत बसतो. मोबाईलवर तोच ट्रॅक लावला तर बेस आहे की नाही असा प्रश्न पडतो. — छत्रपती संभाजीनगर

मोबाईलचा स्पीकर नखाएवढा, तो ५० हर्ट्झ काढूच शकत नाही, दोनशे-तीनशेच्या खाली त्याचा दम संपतो. पण कानाची एक गंमत आहे, मूळ सूर नसला आणि त्याचे पटीतले स्वरांश, म्हणजे २५०, ३००, ३५०, ४०० असे ऐकू आले तर मेंदू खालचा सूर मनानेच भरून काढतो. म्हणून बेसवर थोडं सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन दे, त्याने हेच स्वरांश तयार होतात. नुसती साइन वेव्ह असलेला सब बेस मोबाईलवर कधीच येणार नाही, कितीही वाढव. मोनो करूनही ऐक एकदा, बरेच मोबाईल जवळपास मोनोच वाजवतात आणि स्टिरिओमध्ये फुगवलेला बेस मोनो केला की स्वतःलाच खाऊन टाकतो.

वय ६४. बँकेतून निवृत्त, डोंबिवलीत राहतो. लहानपणापासून पेटी वाजवतो, आता मुलाने सिंथ घेऊन दिला आहे. सोसायटीतली मुलं अशीच वाजवतात, त्यांना माझा यमन ऐकवला. म्हणाली, काका तुम्ही नुसते प्रीसेट, म्हणजे आधीच भरून आलेले आवाज, वाजवता. दुसरं, मला स्वतःला गंधार खटकतो, तो कानाला चढा लागतो. मशीन बिघडलंय का?

काका, नमस्कार. मशीन ठणठणीत आहे आणि तुमचा कानही. सिंथमध्ये सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा १०० सेंटचा, म्हणजे शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर. तानपुऱ्यात षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. हा चौदा सेंटचा फरक एरवी कळत नाही, पण खाली षड्ज धरून यमनच्या गंधारावर थांबलात, आणि यमनात तिथे थांबणारच, तो वादी, की लगेच टोचतो. पेटीची भांडणंही यावरूनच झालेली, आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत काही सैल झाली नाही, त्यात मींड येत नाही हीसुद्धा तक्रार होती. तुमच्या सिंथवर मात्र दोन्हीला उपाय आहेत. सेटिंगमध्ये ट्यूनिंग किंवा स्केल नावाचा भाग असेल तर गंधार १४ सेंटने उतरवा, काही मॉडेलांत प्रत्येक सुराला वेगळं बसवता येतं. नसेल तर मुलाला सांगून कॉम्प्युटरवर सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ टाकून घ्या, फुकट आहे, त्यात हवी ती सुरावट फाइलमधून भरता येते. मींडेसाठी मोनो आणि लेगॅटो चालू करून पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर घसरायची सोय) द्या, किंवा पिच बेंड (सूर सरकवायचं चाक) वापरा. पिच बेंड चांगला, कारण मिडीमध्ये, म्हणजे सिंथ आणि कॉम्प्युटरच्या सामायिक भाषेत, साध्या नॉबला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात, बेंडला १६,३८४, त्यामुळे सूर खडखडत नाही, घसरतो.

प्रीसेटचं म्हणाल तर पोरांना सांगा की १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथ आला तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग इतकं किचकट होतं की भलेभले वादक त्यात आलेलेच आवाज वाजवत बसले, आणि ऐंशीच्या दशकातली कितीतरी गाणी त्याच्यातल्या तयार इलेक्ट्रिक पियानोच्या आवाजावर उभी आहेत. वाजवणं महत्त्वाचं. पण पोरांचं अगदीच चूक आहे असंही नाही. प्रीसेट बनवणारा दुकानात ग्राहकाला भुरळ पडावी म्हणून त्यात रिव्हर्ब, कोरस, डिले सगळं ओतून ठेवतो, आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मला ताना स्पष्ट ऐकू आल्या नाहीत त्या त्यामुळेच. रिव्हर्ब निम्मा करा, अटॅक (आवाज उमटायचा वेग) थोडा जलद करा, झालं. एवढे दोन नॉब फिरवले की तो प्रीसेट तुमचा.

मित्राने ट्रॅक ऐकवला, मी खरं ते सांगितलं की हे कॉपी वाटतंय आणि मिक्स चिखल झालाय. तेव्हापासून तो बोलत नाही. खरं बोलायचं नाही का? — कोल्हापूर

बोलायचं ना, पण तू सांगितलंस काय? ‘कॉपी’ आणि ‘चिखल’. यातून तो उद्या सकाळी उठून कोणता नॉब फिरवणार? कशाची कॉपी, बेसलाइनची चाल की आवाज? हौशी माणूस दुसऱ्यासारखं करतच शिकतो, त्यात लाज नाही, फक्त ‘ही बेसलाइन अमुक गाण्यासारखी जाते, मुद्दाम केलीस का?’ असं विचारलं असतंस तर तो खुलून बोलला असता. आणि हे चारचौघांत सांगितलंस का? पत्रात लिहिलं नाहीयेस, त्यावरून मला शंका येते. फोन करू नकोस आता, सरळ घरी जा, तुझा एखादा अर्धवट ट्रॅक घेऊन जा आणि त्याला म्हण ऐक. त्यालाही चार शब्द ऐकवायची संधी मिळू दे.

बाबा म्हणतात ही टुंगटुंग आपली नव्हेच, परदेशी खूळ आहे. त्यांना दाखवण्यासारखं काही आहे का? — सांगली

आहे की. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादकाने तो स्टुडिओ उभा करून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा आपल्या लोकांनी त्यावर काम केलं. त्या टेप कित्येक वर्षं पडून होत्या, २०२३ मध्ये त्यातलं निवडक लोकांपुढे आलं. दुसरं, चरणजित सिंग, मुंबईचे, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे. त्यांनी १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं, ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रमचं, जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा रेकॉर्ड चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चाट पडले, कारण अशाच वाजणाऱ्या नाचाच्या संगीताला शिकागोत ॲसिड हाऊस म्हणायला लागले ते १९८७ च्या सुमारास. सिंग यांच्या डोक्यात असलं काही नव्हतं, ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती आणि रागाला घसरणं लागतं, एवढा सरळ हिशोब असावा असं मला वाटतं. बाबांना त्यातली भैरवी ऐकवा, पण आधी काही सांगू नका. नाही आवडली तर नाही, जबरदस्ती नको.

थोडक्यात काही उत्तरं

ट्रॅक मित्रांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून पाठवला की आवाज दाबला जाऊ शकतो आणि मग तुमच्या झांजा फुसफुसतात म्हणून उगाच बोलणी खाल.

फुकटात सुरुवात करायची तर वर सांगितलेला सर्ज एक्सटी, व्हायटल, आणि डीएक्स-७ ची नक्कल करणारा डेक्स्ड एवढं खूप झालं. कॉम्प्युटरवर ट्रॅक रचायला एलएमएमएस फुकट आहे, रेकॉर्डिंगला रीपर घ्या, साठ दिवस पैसे मागत नाहीत. व्हीसीव्ही रॅक (कॉम्प्युटरवरचा मॉड्युलर) टाकाल तर घरच्यांशी बोलणं बंद होईल, जबाबदारी माझी नाही.

सेकंडहँड सिंथ घ्यायचाय, काय बघू असं तिघांनी विचारलंय. सगळ्यात खालच्या पट्टीपासून वरपर्यंत प्रत्येक की हळू आणि जोरात दाबून बघा, प्रत्येक नॉब फिरवताना कर्रकर्र येतंय का किंवा स्क्रीनवरचा आकडा उड्या मारतोय का ते बघा, हेडफोनची जागा हलवून बघा. अडॅप्टर मूळचाच मागा. नसेल तर व्होल्टेज आणि मधली पिन प्लस की मायनस हे मशीनच्या मागे छापलेलं असतं, त्याचा फोटो काढा आणि मगच पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, दुकानदाराला फोटो दाखवा. ‘चालेल हो साहेब, सगळ्याला हाच बसतो’ असं म्हणाला तर पुढच्या दुकानात.